लूत की ॲलर्जी? पाळीव कुत्र्यातील दीर्घकालीन त्वचाविकाराचे निदान व व्यवस्थापन : पूर्णा परिसराच्या संदर्भात

सारांश

पाळीव कुत्र्याला सतत खाज सुटणे, केस गळणे, कानातून दुर्गंधी येणे, पंजे चाटून चाटून लाल होणे ही लक्षणे दिसली की मराठवाड्यातील ग्रामीण व निमशहरी समाजात त्यांना बहुधा 'लूत' या एकाच शब्दाने ओळखले जाते. वस्तुतः लूत हा किडीमुळे होणारा संसर्गजन्य रोग असून ॲलर्जी हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील असंसर्गजन्य बिघाड आहे. या दोहोंतील गल्लतीमुळे चुकीचे उपचार होतात आणि अनेकदा कुत्र्याला घराबाहेर काढले जाते. प्रस्तुत लेखात ॲलर्जीचे स्वरूप, निदानाचा क्रम, उपलब्ध उपचार आणि पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावी शक्य असलेले दैनंदिन व्यवस्थापन यांचे विवेचन केले आहे.

महत्त्वाचे शब्द : पाळीव कुत्रा, ॲलर्जी, लूत, पिसवा, वर्ज्य-आहार चाचणी, त्वचेचे संरक्षक आवरण.

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वे जंक्शन व तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्णा नदी ज्या परिसरात गोदावरीला मिळते, त्याच परिसरात काळ्या कसदार जमिनीवर हा तालुका वसलेला आहे. येथील जनजीवनात कुत्र्याचे स्थान प्रामुख्याने आखाड्यावरचा राखणदार असे होते. गेल्या काही दशकांत मात्र नोकरदार व व्यापारी कुटुंबांतून लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पामेरियन अशा जातींची कुत्री घरात पाळली जाऊ लागली. कुत्रा अंगणातून घरात आला, मुलांच्या अंथरुणापर्यंत पोहोचला आणि त्याच्या त्वचेचे आरोग्य हा कुटुंबाच्या चिंतेचा विषय बनला.

या बदलाबरोबर एक अडचणही आली. आखाड्यावरच्या कुत्र्याची खाज कोणी मोजत नव्हते. घरातील कुत्र्याची खाज रात्रीची झोप मोडते. वारंवार उपचार करूनही विकार परत उद्भवतो, खर्च वाढतो, शेजारी नाराजी दर्शवतात आणि 'मुलांना लागण होईल' या भीतीने कुत्र्याला दूर नेऊन सोडण्याचा विचार बळावतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार भूक व तहान यांनी त्याचे हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा अपराध आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा विकाराचे योग्य आकलन अधिक परिणामकारक ठरते, कारण येथे कुत्र्याचे घर तुटते ते बहुतेक वेळा क्रौर्यामुळे नव्हे, तर गैरसमजामुळे.

लूत, खरूज आणि ॲलर्जी : संकल्पनांतील भेद

मराठीत 'लूत भरलेला कुत्रा' हा शब्दप्रयोग रूढ आहे. तो कुत्र्याचे वर्णन करण्यापेक्षा त्याच्यावर निकाल देतो. पशुवैद्यकशास्त्रानुसार लूत किंवा खरूज हा सार्कोप्टिस स्केबिआय नावाच्या सूक्ष्म किडीमुळे होणारा रोग आहे. ही कीड त्वचेत बोगदे करते, एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात जाते आणि निकट संपर्कातील माणसालाही काही काळ खाज आणू शकते. डेमोडेक्स या दुसऱ्या किडीमुळे केस झडतात व चट्टे पडतात; ती मात्र निरोगी कुत्र्याच्या त्वचेतही अल्प संख्येने असते आणि माणसाला लागत नाही. गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग असून तो माणसाला होऊ शकतो.

ॲलर्जी या तिन्हींपेक्षा वेगळी आहे. ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये 'ॲलर्जी' हा शब्द प्रथम वापरला. इतरांना निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थाविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा अवास्तव प्रतिक्रिया देते, असा त्याचा आजचा अर्थ आहे. बोलीभाषेतील 'वावडे' हा शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो. ही प्रवृत्ती केवळ माणसात नसून कुत्र्यातही आढळते, याची नोंद १९४१ मध्ये फ्रेड विटिक यांनी केली. ॲलर्जी एका कुत्र्यापासून दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाही. ज्या कुटुंबाला हे एवढे एक वाक्य वेळेवर समजते, त्या कुटुंबातील कुत्रा बहुधा घरातच राहतो.

कुत्र्यातील दीर्घकालीन त्वचा-ॲलर्जीचे चार प्रकार मानले जातात.

१) पिसवांच्या लाळेची ॲलर्जी.
२) अन्नघटकांची ॲलर्जी.
३) परिसरातील घटकांची ॲलर्जी, म्हणजे ॲटोपिक त्वचादाह. यात घरातील धुळीतील सूक्ष्म किडी, परागकण व बुरशीचे बीजाणू यांचा समावेश होतो.
४) प्रत्यक्ष स्पर्शाने होणारा त्वचादाह.

एकाच कुत्र्यात यांपैकी दोन किंवा तीन प्रकार एकत्र असू शकतात, ही बाब व्यवस्थापनाच्या दृष्टीने कळीची आहे.

विकाराची यंत्रणा

कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते आणि तिचे रक्षण मुख्यत्वे केसांच्या आवरणावर अवलंबून असते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी व त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये यांची रचना असते. विटा पक्क्या असूनही दरजा पोकळ राहिल्या तर भिंतीत पाणी मुरते. तद्वत ॲटोपिक कुत्र्याच्या त्वचेतील स्निग्ध द्रव्यांचा थर सदोष असल्याने बाहेरील प्रथिने आत शिरतात आणि आतील ओलावा बाहेर जातो. आत शिरलेल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई वर्गाची प्रतिपिंडे तयार होतात. हा वर्ग १९६६-६७ मध्ये किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याच्या संशोधनातून प्रकाशात आला. त्वचेतील मास्ट पेशींवर ही प्रतिपिंडे बसतात. ॲलर्जीजनकाशी पुन्हा संपर्क आला की या पेशी हिस्टामिन व इतर द्रव्ये सोडतात. त्याबरोबरच काही लसिका-पेशी इंटरल्युकिन-३१ नावाचे संदेशद्रव्य निर्माण करतात. हे द्रव्य चेतातंतूंना थेट उद्दीपित करून खाज उत्पन्न करते. कुत्र्याच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा तुलनेने मर्यादित असल्यामुळेच माणसाच्या सर्दी-शिंकांवर चालणाऱ्या गोळ्यांचा त्याच्या खाजेवर फारसा प्रभाव पडत नाही.

खाजवल्यामुळे त्वचा फाटते आणि तेथे जिवाणू व यीस्ट यांची बेसुमार वाढ होते. यातील प्रमुख जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस. तो २००५ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णिला गेला. यीस्टपैकी मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस ही प्रजाती महत्त्वाची असून कुत्र्याच्या अंगाला व कानाला येणारा आंबूस, खवट वास बहुधा तिच्यामुळे असतो. हा दुय्यम संसर्ग स्वतःच खाज वाढवतो आणि असे दुष्टचक्र सुरू होते.

खाजेच्या संदर्भात 'उंबरठा' ही संकल्पना उपयुक्त आहे. धुळीची ॲलर्जी, पिसवांचा चावा व यीस्टचा संसर्ग ही प्रत्येकी थोडी थोडी कारणे एकत्र येऊन रांजण काठोकाठ भरतो आणि मग एखाद्या क्षुल्लक कारणानेही तो ओसंडतो. सर्व कारणे दूर करता आली नाहीत, तरी एक-दोन कारणे कमी केल्याने पातळी काठाखाली आणता येते. दीर्घकालीन व्यवस्थापनाचा सारा डोलारा या तत्त्वावर उभा आहे.

पूर्णा परिसरातील पोषक परिस्थिती

मराठवाड्यातील उन्हाळा कडक असतो आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा कोरड्या उष्णतेत पिसवांची अंडी व अळ्या उघड्यावर टिकत नाहीत. मात्र गोठ्यातील ओलसर कोपरा, रांजणाखालची जागा, पायरीखालचा गारवा अशा ठिकाणी त्या तग धरतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दमट व उबदार हवेत त्यांची वाढ झपाट्याने होते. पिसवांची मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती अंडी अंगावरून गळून जमिनीवर पडतात. एखाद्या घरातील एकूण पिसवांपैकी प्रौढ स्वरूपात कुत्र्याच्या अंगावर असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के असते. उरलेल्या अंडी, अळी व कोष या अवस्थांत आजूबाजूच्या जागेत असतात. कोष अनेक महिने सुप्त राहू शकतात. त्यामुळे केवळ अंगावर औषध मारून प्रश्न सुटत नाही. एकाच आवारात शेळ्या, मांजरे व कुत्री असतील तर पिसवांना यजमानांची वाण राहत नाही.

दमट हवा धुळीतील सूक्ष्म किडींनाही मानवते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवते फुलतात. काँग्रेस गवत किंवा गाजर गवत या नावाने परिचित असलेले तण पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम लक्षात आले आणि नंतर राज्यभर पसरले. माणसातील त्वचादाहाचे कारण म्हणून ते सुपरिचित आहे. अशा गवतात लोळणाऱ्या कुत्र्याचे पोट, जांघा व पंजे लाल होत असतील तर या तणालाही संशयितांच्या यादीत स्थान द्यावे लागते.

आहाराच्या बाबतीत येथील कुत्र्याचे मुख्य अन्न म्हणजे दूध-पोळी, भाकरी, उरलेले वरण-भात, क्वचित अंडी किंवा कोंबडी, आणि लाडाने दिलेली बिस्किटे. कुत्र्यातील अन्न-ॲलर्जीवरील प्रकाशित अभ्यासांचा २०१६ मध्ये घेतलेला आढावा असे दर्शवितो की गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के व गहू १३ टक्के कुत्र्यांत कारणीभूत आढळले. ही आकडेवारी प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील आहे. तथापि दूध व गहू हे घटक येथील कुत्र्याच्या ताटात रोज असतात, हे लक्षात घेता 'घरचेच साधे अन्न आहे, त्याने काय होणार' हा युक्तिवाद टिकत नाही. ॲलर्जी नव्या अन्नाचीच होते असे नाही. वर्षानुवर्षे खाल्लेल्या अन्नाचीही होऊ शकते.

या उलट, गोड किंवा मीठ खाल्ल्याने कुत्र्याला लूत होते, ही सार्वत्रिक समजूत निराधार आहे. गूळ-साखर कुत्र्याच्या दातांना व वजनाला अपायकारक आहे, हे खरे. पण लूत किडीमुळे होते आणि अन्न-ॲलर्जी मुख्यत्वे प्रथिनांमुळे होते.

निदानाचा क्रम

ॲटोपिक त्वचादाह निश्चित करणारी एकही रक्तचाचणी उपलब्ध नाही. इतर कारणे एकेक करून वगळल्यानंतर जे उरते, त्यावरून निदान केले जाते. कुत्र्यातील ॲलर्जीविषयक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वेही याच क्रमाचा पुरस्कार करतात.

पहिली पायरी : परजीवींचा शोध. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त होय. पशुवैद्यक त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सार्कोप्टिस कीड अनेकदा या तपासणीत सापडत नाही; म्हणून संशय असल्यास खरजेचा उपचार देऊन प्रतिसाद पाहणे हीदेखील निदानाची मान्य पद्धत आहे.

दुसरी पायरी : दुय्यम संसर्गाची तपासणी. त्वचेवर चिकटपट्टी दाबून घेतलेला नमुना किंवा कानातील मळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जिवाणू व यीस्ट काही मिनिटांत दिसतात. ही तपासणी अल्पखर्चिक आहे. तिच्याविना प्रतिजैविक देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

तिसरी पायरी : पिसवांचे काटेकोर नियंत्रण. हे किमान २ ते ३ महिने, घरातील सर्व प्राण्यांवर एकाच वेळी करावे लागते. शेपटीच्या बुंध्यापाशी व कमरेवर केस झडले असतील तर पिसवांच्या ॲलर्जीची शक्यता अधिक असते. अशा कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही तीव्र खाज सुटू शकते. म्हणून 'पिसू दिसत नाही' हा पुरावा ठरत नाही.

चौथी पायरी : वर्ज्य-आहार चाचणी. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन व एक पिष्टमय पदार्थ एवढाच आहार ८ आठवडे द्यावयाचा असतो. अन्न-ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत ५ आठवड्यांपर्यंत आणि ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत ८ आठवड्यांपर्यंत सुधारणा दिसते, असे २०१५ मधील एका विश्लेषणात आढळले. पूर्णा परिसरात काटे काढलेला उकडलेला मासा व रताळे हा पर्याय, कुत्र्याने ते पूर्वी खाल्ले नसल्यास, विचारात घेता येतो. शाकाहारी कुटुंबात विघटित प्रथिनांचे तयार खाद्य सोयीचे ठरते. त्यात प्रथिनांचे तुकडे इतके लहान केलेले असतात की प्रतिकारयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही. घरगुती आहार केवळ चाचणीपुरता ठीक आहे. तो कायम ठेवायचा झाल्यास कॅल्शियम व इतर पोषक घटकांची पूर्तता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करणे अनिवार्य आहे.

ही चाचणी फसते ती बहुधा शास्त्रामुळे नव्हे, तर मायेमुळे. सहा आठवडे पथ्य पाळून पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा एक तुकडा दिला की गहू, दूध व तूप पुन्हा पोटात जाते आणि निष्कर्ष धूसर होतो. आजोबांनी चहात बुडवून दिलेले बिस्किटही तेच करते. म्हणून घरातील प्रत्येकाला, तसेच शेजारच्या मुलांनाही, चाचणीची कल्पना देणे आवश्यक ठरते. सुधारणा झाल्यास जुना आहार पुन्हा सुरू करून खाज परतते का हे पाहावे; परतली तरच अन्न-ॲलर्जी सिद्ध होते.

पाचवी पायरी : उर्वरित निदान. वरील सर्व टप्प्यांनंतरही खाज कायम राहिली तर ॲटोपिक त्वचादाह मानला जातो. क्लॉद फाव्हरो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यासाठी आठ निकष मांडले : तीन वर्षांच्या आत सुरुवात, बहुतांश वास्तव्य घरात, स्टेरॉइडने कमी होणारी खाज, प्रारंभी पुरळाविना खाज, पुढचे पंजे बाधित, कानाची पाळी बाधित, कानाच्या कडा अबाधित, आणि कंबर-पाठीचा भाग अबाधित. यांपैकी पाच निकष जुळल्यास संवेदनशीलता सुमारे ८५ टक्के व विशिष्टता सुमारे ७९ टक्के असते. म्हणजे निकष जुळूनही प्रत्येक पाचांपैकी एका बिगर-ॲटोपिक कुत्र्याबाबत चूक संभवते. यासाठी आधीच्या पायऱ्या गाळता येत नाहीत.

रक्तातील किंवा त्वचेवरील ॲलर्जी-चाचण्यांचा उपयोग निदानासाठी नसून प्रतिरक्षा-उपचारासाठी घटक निवडण्याकरिता आहे. अन्न-ॲलर्जी शोधण्यासाठी रक्त, लाळ वा केसांच्या चाचण्या विश्वसनीय ठरलेल्या नाहीत.

उपचार व व्यवस्थापन

ॲटोपिक त्वचादाह सहसा पूर्णतः बरा होत नाही. तो नियंत्रणात राहतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचे जसे औषध, आहार व दिनचर्या यांच्या मेळातून आयुष्य सुरळीत चालते, तसेच येथेही घडते. 'एक इंजेक्शन आणि कायमची सुटका' ही अपेक्षाच बहुतेक फसलेल्या उपचारांच्या मुळाशी असते.

स्टेरॉइड : प्रेडनिसोलोनसारखी औषधे खाज झपाट्याने कमी करतात व स्वस्त असतात. तीव्र उद्रेकात अल्पकाळ त्यांचा वापर योग्यच आहे. परंतु दर महिन्याला दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड टोचून घेण्याचा प्रघात धोकादायक आहे. अतितहान, वारंवार लघवी, सतत भूक, वजनवाढ, स्नायूंचा ऱ्हास, त्वचा पातळ होणे व संसर्गाला बळी पडणे हे त्याचे परिणाम होत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही घातक असते. मात्रा क्रमाने उतरवावी लागते.

नवी औषधे : ऑक्लासिटिनिब हे इंटरल्युकिन-३१ सह काही संदेशद्रव्यांचा मार्ग रोखणारे औषध अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले. ते काही तासांत परिणाम दाखवते. मात्र १२ महिन्यांखालील कुत्र्यांना ते दिले जात नाही. लोकिव्हेटमॅब हे इंटरल्युकिन-३१ ला बांधून ठेवणारे प्रतिपिंड इंजेक्शनद्वारे दिले जाते. सायक्लोस्पोरीनचा परिणाम दिसण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. ही औषधे महाग आहेत आणि मात्रा वजनावर ठरत असल्याने मोठ्या कुत्र्याचा खर्च लहान कुत्र्याच्या कित्येक पट होतो. म्हणून उपचार ठरविताना कुटुंबाची आर्थिक क्षमता पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलणे हा उपचाराचाच भाग समजावा. जो उपचार दोन महिन्यांत थांबवावा लागेल, त्यापेक्षा दोन वर्षे झेपेल असा उपचार अधिक हितावह असतो.

प्रतिरक्षा-उपचार : ॲलर्जीजनकाच्या अत्यल्प मात्रा क्रमाने वाढवत देऊन प्रतिकारयंत्रणेला सहिष्णू बनविले जाते. परिणाम ठरविण्यासाठी सुमारे एक वर्ष थांबावे लागते आणि अर्ध्याहून अधिक कुत्र्यांत लक्षणीय सुधारणा होते. विकाराच्या मुळाशी जाणारा हा एकमेव उपचार होय.

स्नान : क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पूने आठवड्यातून एकदा स्नान घातल्यास ॲलर्जीजनके धुतली जातात व जिवाणू-यीस्ट कमी होतात. फेस अंगावर सुमारे १० मिनिटे राहू देणे व नंतर तो पूर्ण धुणे आवश्यक असते. पाणी कोमट वा गार असावे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत दर आठवड्याचे स्नान परवडत नाही. अशा वेळी फिरून आल्यावर पंजे, पोट व जांघा ओल्या फडक्याने पुसणे, तसेच पशुवैद्यकाने सुचविलेल्या न धुवाव्या लागणाऱ्या फवाऱ्याचा उपयोग करणे हा व्यवहार्य पर्याय आहे. माणसाचा साबण कुत्र्याच्या त्वचेच्या आम्लतेशी जुळत नसल्याने टाळावा.

स्निग्धाम्ले : ओमेगा-३ व ओमेगा-६ स्निग्धाम्लांचा पूरक आहार त्वचेच्या आवरणास बळकटी देतो. परिणाम दिसण्यास २ ते ३ महिने लागतात. त्यामुळे इतर औषधांची मात्रा कमी करता येते, परंतु ती पूर्णतः बंद करता येत नाहीत.

परिसर : अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. मराठवाड्यातील ऊन हे पिसवा व धुळीतील किडींविरुद्धचे विनामूल्य साधन आहे. फरशीच्या फटी, कोपरे व गोठ्याची कड झाडून निघालेला कचरा दूर टाकावा. पावसाळ्यापूर्वीच, म्हणजे मे महिन्यात, पिसवा-प्रतिबंधक औषध सुरू करणे उद्रेकानंतर धावाधाव करण्यापेक्षा स्वस्त पडते.

घातक घरगुती उपाय

खाजणाऱ्या कुत्र्याच्या अंगाला रॉकेल किंवा जळके इंजिन ऑइल चोळणे, तंबाखूचे पाणी लावणे, फिनेलने धुणे आणि कापूस-सोयाबीनवर फवारायचे कीटकनाशक पाण्यात मिसळून अंगावर ओतणे हे प्रकार आजही घडतात. कुत्रा अंग चाटतो. त्वचेवर लावलेले सर्व काही पोटात जाते. शेतीतील सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी लाळ गळणे, थरथर, झटके व मृत्यू ओढवतो. कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध त्याच घरातील मांजराच्या जिवावर बेतू शकते. आयव्हरमेक्टिन हे जनावरांचे औषध अंदाजाने टोचणे कोली व तत्सम जातींत प्राणघातक ठरू शकते. त्यामागील जनुकीय दोष २००१ मध्ये उलगडला. औषध दुकानातून आणलेली माणसाची स्टेरॉइडमिश्रित मलमे, तसेच वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी सौम्य असले तरी ते निदानाची किंवा संसर्गावरील औषधाची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिजैविकांचा अर्धवट वापर हा आणखी गंभीर प्रश्न आहे. खाज थांबताच गोळ्या बंद करणे आणि पुढील उद्रेकात त्याच गोळ्या स्वतःहून सुरू करणे यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू निर्माण होतात. ते कुत्र्यापुरते मर्यादित राहतीलच असे नाही. मनुष्य, प्राणी व पर्यावरण यांचे आरोग्य एक आहे, हा विचार येथे घराच्या उंबरठ्याच्या आतच प्रत्ययास येतो.

नोंदवही व संस्थात्मक आधार

दीर्घकालीन विकारात स्मरणशक्ती हा दुबळा साक्षीदार असतो. पालकाने दर आठवड्याला ० ते १० या पट्टीवर खाजेचा आकडा लिहावा. निरोगी कुत्र्याचा आकडा साधारणतः २ च्या खाली असतो. सोबत आहार, स्नान, औषध, पाऊस व परिसरातील बदल यांची एकेक ओळ पुरेशी आहे. वर्षभराच्या नोंदीतून विकार ऋतुमानानुसार आहे की बारमाही, हे स्पष्ट होते. बारमाही असल्यास अन्न व घरातील धूळ, तर हंगामी असल्यास पराग व पिसवा यांकडे संशय वळतो. अशी नोंदवही घेऊन आलेला पालक पशुवैद्यकाचे निम्मे काम हलके करतो.

पूर्णेपासून सुमारे ३० किलोमीटरवरील परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय कार्यरत असून ते २००० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. स्थानिक पशुवैद्यकाच्या उपचारांनी नियंत्रण होत नसल्यास त्यांच्याच चिठ्ठीसह अशा अध्यापन रुग्णालयाचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते. दवाखाने सतत बदलत राहिल्यास मात्र प्रत्येक ठिकाणी पहिल्या पायरीपासून सुरुवात होते आणि पाचवी पायरी कधीच गाठली जात नाही.

समारोप

कुत्र्यातील दीर्घकालीन त्वचा-ॲलर्जी हा असाध्य शाप नाही आणि एका इंजेक्शनचा प्रश्नही नाही. परजीवी, संसर्ग, पिसवा, अन्न व परिसर या क्रमाने कारणांची छाननी केली, झेपेल असा उपचार निवडला आणि तो सातत्याने पाळला, तर बहुसंख्य कुत्री सुखाने जगू शकतात. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना पिसवांच्या जीवनचक्राचे निरीक्षण, त्वचेच्या नमुन्यांचे रंजन, परागकणांची मासिक गणना असे अल्पखर्चिक प्रकल्प पशुवैद्यकांच्या सहकार्याने सहज हाती घेता येतील; पूर्णा परिसराची स्वतःची आकडेवारी त्यातूनच उभी राहील. तोपर्यंत एवढे जरी लोकांपर्यंत पोहोचले की खाजणारा प्रत्येक कुत्रा लुतीचा नसतो आणि ॲलर्जी कोणालाही लागत नाही, तरी अनेक कुत्र्यांवर रस्त्यावर येण्याची पाळी येणार नाही.